चौथं कलम

"त्या कागदात सोमवारचं काय लिहेल हाय?" भागीमायनं विचारलं.

शनिवारची दुपार होती. चर्चच्या कौलांखाली आमची पन्नासेक माणसं घामाघूम होऊन बसली होती. प्रवचनाच्या पुलपिटाशेजारी बाबा उभे होते. हातातला कागद त्यांनी नुकताच वाचून दाखवला होता, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या मंडळीत उपासनेच्या जागी कोणी टाळ्या वाजवत नसे. त्या दिवशी कोणी कोणाला अडवलं नाही.

"सोमवारचं?" बाबा म्हणाले.

"उद्या सकायी सातपासून आठपर्यंत आपल्याले वरच्या घाटावर जाऊ देतीन, हे समजलं. पोरायचा बाप्तिस्मा होईन, तेबी समजलं. मंग सोमवारी मी घागर घेऊन गेली तं?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बाबाही हसले. "भागीमाय, सोमवारचं सोमवारी बघू. आधी रविवार तर उजाडू द्या."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून खाली बसली. मी तिसऱ्या बाकावर होते आणि पायाखालच्या फरशीकडे बघत होते. त्या कागदावर चार कलमं होती. बाबांनी तीन वाचली होती. हे तिथं दोघांनाच माहीत होतं, बाबांना आणि मला. बाबांचं अक्षर किरटं होतं म्हणून कागदाची पक्की प्रत शुक्रवारी मीच केली होती. चौथं कलम असं होतं: सदर विधी आटोपल्यावर ख्रिस्ती मंडळी ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय वरच्या घाटाचा वापर करणार नाही.

ते लिहिताना मी थबकले होते. "बाबा, हे चौथं..."

"लिही," ते म्हणाले होते.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नची. माझं नाव सुवार्ता हिवराळे. तेव्हा मला सतरावं सरत होतं. बाबा, रेव्हरंड दानिएल हिवराळे, वऱ्हाडातल्या वडाळखेडच्या बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. आमची वस्ती गावाच्या उताराला. निम्मी घरं दीड वर्षापूर्वी बौद्ध झाली होती, निम्मी आमच्या मंडळीची. वस्तीची विहीर आटली की मात्र पाण्याला दोघांनाही एकच जागा उरे, तलावाचा खालचा काठ, जिथं म्हशी धूत. वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांचा घाट होता. तिथलं पाणी स्वच्छ, खोल आणि गावाचं. आमच्यातलं कोणी त्या पायऱ्यांवर कधी उतरलं नव्हतं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती, पण तो कायदा अजून घाटापर्यंत पोचला नव्हता.

आमच्या पंथात बाप्तिस्मा लहान मुलांना देत नाहीत. माणूस कळता झाला, त्यानं आपल्या तोंडानं विश्वास कबूल केला की त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. त्यासाठी खूप वर्षांपूर्वी मिशनच्या साहेबांनी चर्चच्या आवारात सिमेंटची टाकी बांधून दिली होती. बाबा म्हणत, ती टाकी आपल्या सोयीसाठी बांधली नाही, आपण घाटावर जाऊ नये म्हणून बांधली. त्या वर्षी वस्तीची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. टाकी भरायची म्हटलं तर शंभर घागरी लागणार. तेव्हा बाबांनी ठरवलं की यंदाचा बाप्तिस्मा वरच्या घाटावर. दोन महिने ते तहसीलला अर्ज घेऊन जात होते. शेवटी नायब तहसीलदारांनी सरपंच उत्तमरावांना बोलावून घेतलं, आणि त्यातून हा तडजोडीचा कागद निघाला.

शनिवारी संध्याकाळी मी बाबांना विचारलंच. ते अंगणात खाटेवर बसून रविवारचं प्रवचन चाळत होते.

"तुम्ही चौथं कलम वाचलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "वाचलं असतं तर काय झालं असतं? निम्मे लोक भांडले असते, निम्मे उद्या आलेच नसते. सुवा, एकदा आपले पाय त्या पाण्यात पडू देत. पुढचं पुढं होतं."

"आणि भागीमायनं विचारलं ते?"

"त्यांचं वय झालंय. रविवारच्या आनंदात विसरतील."

मला तेव्हा ते पटलं. निदान पटवून घेतलं. बाबा खोटं बोलणारे नव्हते, हे मला माहीत होतं, आणि त्यामुळे जे झालं ते खोटं नसणार असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी आम्ही अकराजण पांढरे कपडे घालून निघालो. सात मुलगे, चार मुली. पुढं बाबा, मागं सगळी मंडळी गात. आईनं माझ्या साडीच्या पदराला खाली शिशाचे बारीक मणी टाचले होते, पाण्यात पदर तरंगू नये म्हणून. घाटाच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. कोणी शिवी दिली नाही, कोणी वाट अडवली नाही. उत्तमराव वडाच्या पारावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी एक पोलीस होता. आणि पाराच्या कडेला झाकण घातलेली एक कळशी होती. त्या कळशीत काय आहे ते मला नंतर कळलं.

पायऱ्या गुळगुळीत होत्या. इतक्या वर्षांच्या पावलांनी झिजलेल्या, आणि त्यात आमचं एकही पाऊल नव्हतं. बाबा कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. माझी पाळी पाचवी.

"येशू तुझा तारणारा आहे असं तू कबूल करतेस काय?"

"करते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि मला मागं झुकवलं. पाणी थंड होतं. वर आले तेव्हा कानात पाणी होतं म्हणून गाणं दुरून आल्यासारखं वाटत होतं, आणि बाबांचे डोळे वाहत होते. मी त्यांना आधी एकदाच रडताना पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा. मला वाटलं, चौथ्या कलमाचं काय ते असो, या एका सकाळीसाठी ते चाललं.

आठ वाजले. पोलिसानं घड्याळ बघितलं. आम्ही वर आलो, आणि आम्ही रस्त्याला लागायच्या आधीच दोघं माणसं ती कळशी घेऊन घाट उतरू लागली. ती पायऱ्यांवर गोमूत्र शिंपडत होती. बाबांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांनी गाणं आणखी मोठ्यानं धरलं. भागीमाय मात्र थांबली. सगळ्या पायऱ्या शिंपडून होईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला काठी टेकून बघत राहिली.

भागीमाय तेव्हा सत्तरीची असेल. नवरा कधीच गेला होता, मुलगा भुसावळला रेल्वेत होता. जिनिंगमधल्या सरकीच्या कामावर तिनं आयुष्य काढलं होतं. मंडळीच्या पहिल्या वीस माणसांपैकी ती एकटी उरली होती, आणि लिहितावाचता येत नसूनही शास्त्रातला कोणता शब्द कुठं येतो ते ती बाबांना सांगत असे.

सोमवारी सकाळी बाबा ओसरीवर दाढी करत होते. आरशातून त्यांना रस्ता दिसत होता. त्यांचा वस्तरा थांबला.

"सुवा," ते म्हणाले, "भागीमाय वरच्या रस्त्यानं चालल्या आहेत. कमरेवर घागर आहे. पळ. त्यांना थांबव. म्हणावं, बाबांनी बोलावलंय."

मी अनवाणीच पळाले. शाळेच्या वळणावर तिला गाठलं.

"भागीमाय, बाबांनी बोलावलंय."

"पानी भरून येते म्हना."

"आत्ताच बोलावलंय."

"तो काही पयून नाई चालला. अन् मीबी नाई." ती चालतच होती. म्हातारी असली तरी तिची चाल माझ्यापेक्षा नेटाची.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "तिकडं जाऊ नका. कागदात आणखी एक कलम आहे. चौथं."

ती थांबली. मी तिला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लिहिलं मीच होतं, त्यामुळे शब्द न् शब्द पाठ होता. तिनं ऐकून घेतलं.

"तुले केव्हापासून माहीत?"

"शुक्रवारपासून."

तिनं घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. मला वाटलं आता ही रागावेल. मला ते बरं वाटलं असतं.

"त्या कागदावर माहा आंगठा हाय?"

"नाही."

"मले इचारलं होतं कोनं?"

"नाही."

"मंग तो कागद तुह्या बापाचा अन् उत्तमरावचा. मले पानी भराचं हाय." आणि ती मला वळसा घालून पुढं गेली.

मी घरी परतायला हवं होतं. मला तेवढंच काम सांगितलं होतं, आणि ते जमलं नाही असं जाऊन सांगायचं होतं. पण बाबांच्या समोर उभं राहून काय बोलायचं ते मला सुचेना. धाडस वगैरे काही नव्हतं. घरी जायची लाज वाटली म्हणून मी तिच्या मागं गेले.

घाटावर दहा-बारा बायका धुणं धूत होत्या. आम्हाला बघून त्या एकेक करून पायऱ्या चढून वर आल्या. ओले कपडे, साबण, सगळं तसंच टाकून. एक मुलगा गावाकडं धावत गेला. भागीमाय काठी पायरीवर ठेवून तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली, घागर आडवी केली, पाणी आत शिरताना जो बुडबुड आवाज येतो तो संपेपर्यंत धरून ठेवली, मग उभी केली.

भरलेली घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावा लागतो. कोणत्याही पाणवठ्यावर, शेजारी कोणीही असो, बाई तिला न सांगता हात लावते. भागीमायनं वर बघितलं. त्या दहा-बारा बायका काठावर उभ्या होत्या. त्यातली एक, मला आठवतं, अर्धं पाऊल पुढं आली आणि मागं झाली.

"पोरी, हात लाव," भागीमाय मला म्हणाली.

काल मी याच पायऱ्या उतरले होते. गाणं चालू होतं, पोलीस उभा होता, बाबा पाण्यात होते. आज काठावरून त्या बायका बघत होत्या. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. पाणी घोट्यापर्यंत आलं. मी घागरीला हात लावला आणि आम्ही दोघींनी ती उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

आम्ही वळतो न वळतो तोच वरून दगड आला.

मातीची घागर फुटली. सगळं पाणी आम्हा दोघींच्या अंगावर आलं. भागीमाय पायरीवर बसली. खापरीनं तिचं कपाळ चिरलं होतं आणि रक्त पाण्यात मिसळून पातळ होऊन भुवईवरून गळत होतं. मी पदर फाडायला गेले तर तिनं माझा हात धरला. "नवी साडी हाय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर कपाळावर दाबून धरला.

काठावर आता गर्दी झाली होती. उत्तमराव घाईघाईनं आले. त्यांनी आधी दगड मारणाऱ्याकडं बघितलं. दौलत नावाचा विशीतला पोरगा होता. "घरी जा," ते त्याला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता." मग ते दोन पायऱ्या खाली आले. माणूस तसा वाईट नव्हता. वस्तीत पटकी आली तेव्हा डॉक्टरांना त्यांनीच आपल्या बैलांच्या दमणीतून आणलं होतं. पण गावची रीत मोडायची वेळ आपल्या कारकिर्दीत यावी हे त्यांना मानवत नव्हतं.

"भागाबाई," ते म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण शब्द कोणी मोडला? तुमच्या पाळकांनी सही केली आहे." त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, उलगडला आणि माझ्यापुढं धरला. "पोरी, हे अक्षर तुझंच ना?"

"हो," मी म्हणाले.

तोवर वस्तीतली माणसं वरच्या रस्त्यानं येऊन पोचली होती, बौद्ध घरांमधलीही. आणि त्यांच्या पुढं बाबा होते. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळलेला. उत्तमरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चौथं कलम वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

वस्तीची माणसं बाबांकडं बघू लागली. मंडळीचा कारभार बघणारे आमचे डीकन शीलवंत मास्तर हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, हे आपण ऐकलं नव्हतं."

त्या क्षणी बाबांना सुटायला वाटा होत्या. कलम मागाहून घातलं असं म्हणता आलं असतं. शब्द पाळायला हवा म्हणून लोकांना परत नेता आलं असतं, आणि बहुतेक लोक गेलेही असते. बाबा पायऱ्यांच्या तोंडाशी आले. त्यांनी भागीमायचं कपाळ बघितलं.

"उत्तमराव," ते म्हणाले, "सही माझी आहे. शब्द मी दिला होता आणि तो मी मोडतो आहे. या लोकांनी काही मोडलेलं नाही. त्यांना मी हे कलम वाचूनच दाखवलं नाही."

"म्हणजे तुम्ही मलाही फसवलं आणि त्यांनाही."

"हो," बाबा म्हणाले.

मग ते पायताण काढून पाण्यात उतरले. बौद्ध घरांमधल्या कौतिकाबाईच्या हातात पितळेची गुंडी होती, ती त्यांनी मागून घेतली, भरली आणि कौतिकाबाईच्या डोक्यावर दिली. मग शीलवंत मास्तरांच्या बायकोनं आपली कळशी पुढं केली. मग आणखी कोणी. मी पाणी भरत होते आणि बाबा उचलू लागत होते. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. काठावर काही पोरांनी पुन्हा दगड उचलले तेव्हा उत्तमरावच म्हणाले, "राहू द्या. तालुक्याहून माणूस येईल. तुरुंगात तुम्ही जाल, ते नाही."

पुढं व्हायचं ते झालं. वस्तीतल्या माणसांना पाच आठवडे शेतावर काम मिळालं नाही. किराणा शेजारच्या गावाहून आणावा लागला. दोनदा आमच्या ओसरीच्या पायऱ्यांवर शेण टाकलेलं आढळलं. त्याच गुरुवारी नायब तहसीलदार आले आणि घाटावर पाटी लागली की हा पाणवठा सर्वांसाठी खुला आहे. आम्ही सहा-सहाजणींच्या टोळीनं जायचो. पुढं चौघी पुरल्या. दिवाळीच्या सुमारास एकदा मी एकटीच गेले आणि परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की आज आपण एकट्याच गेलो होतो.

पण त्याआधी, घागर फुटली त्याच आठवड्याच्या शेवटी, मिशनच्या कमिटीचं पत्र आलं. पाळकांनी दिलेला शब्द मोडून शांततेचा भंग केला आहे, मंडळीनं त्यांना दूर करावं, नाहीतर मिशन त्यांचा पगार देणार नाही.

आमच्यात बिशप नसतो. पाळक ठेवायचा की नाही हे मंडळीच हात वर करून ठरवते. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, एक मत. मला ते मत आठवडाभरापूर्वी मिळालं होतं.

रविवारच्या उपासनेनंतर शीलवंत मास्तरांनी पत्र वाचलं. बाबा पुलपिटावर नव्हते. पहिल्या बाकाच्या टोकाला, पाहुण्यानं बसावं तसे बसले होते. लोक चिडले होते, पण मिशनवर. कोणी म्हणालं पगार आपण देऊ, कोणी म्हणालं साहेबांना इथं येऊन म्हशींचं पाणी प्यायला सांगा. मग भागीमाय उठली. कपाळाला पट्टी होती.

"ते पत्र बाजूले ठेवा," ती म्हणाली. "घाटावर गेला म्हनून पाळकाले काढाचं असन तं मले आधी काढा. पन दुसरी गोष्ट हाय. मी त्याले सोमवारचं इचारलं होतं. सगळ्यायसमोर इचारलं. त्याले माहीत होतं, अन् तो हसला."

ती काठीवर रेलून पुढं बोलली.

"उत्तमरावनं आपल्याले घाट देला नाई, त्याचं दुःख नाई. तो आपला नोहे. पन यानं ठरवलं का हे लोकायले सांगाचं अन् हे नाई. आजलोक आपल्यासाठी दुसऱ्यायनंच ठरवलं ना? मंग हा काऊन ठरवते?"

बाबा उभे राहिले. "भागीमाय खरं बोलतात," एवढंच म्हणाले आणि बसले.

मी उठले. मला उठायचं होतं असं नाही, पाय उठले. "मलाही माहीत होतं," मी म्हणाले. "अक्षर माझं आहे."

शेजारी बसलेल्या आईनं माझा पदर ओढला.

शीलवंत मास्तरांनी मत घेतलं. पाळकांनी राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हातांचं रान झालं. आईचा हात सगळ्यांत उंच. मास्तरांनी मोजले, एकेचाळीस.

"विरुद्ध?"

भागीमायचा हात वर झाला. आणि मग माझा. बाबांवर माझा राग नव्हता. पण तो हात खाली ठेवला असता तर मी जे उठून बोलले त्याला काही अर्थ उरला नसता. आयुष्यातलं माझं पहिलं मत मी बाबांच्या विरुद्ध दिलं. ते बाकाच्या टोकावरून मान वळवून माझ्याकडं बघत होते. त्या चेहऱ्यावर काय होतं हे मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं, आणि अजूनही मला एका शब्दात सांगता येत नाही. ते दुखावले होते एवढं नक्की. आणि त्यांनी नजर काढून घेतली नाही, हेही नक्की.

बाबा पाळक राहिले. मिशनचा पगार पुढच्या महिन्यापासून बंद झाला.

घरी आईनं मला वाढलं, पण ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी ती ओसरीवर कंदिलाची काच पुसत होती तेव्हा भागीमाय काठी टेकत अंगणात आली.

"तुम्ही कशाला आलात?" आई म्हणाली. मी आईला म्हाताऱ्या माणसाशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सकाळी तर हात वर केलात."

"केला. तो खोटं वागला म्हनून केला," भागीमाय म्हणाली. "मंग मोजले. मी हारली. तो माहा पाळक हाय. आयतवारची सांजची प्रार्थना कोनाच्या घरी करू?"

आईच्या हातातलं फडकं थांबलं. बाबा आतून बाहेर आले होते. त्यांनी कोपऱ्यातली चटई घेतली, स्वतः अंथरली, आणि भागीमायला हात देऊन बसवलं. आम्ही तिघंही बसलो. दर रविवारी बाबा सुरुवात करत. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, "भागीमाय, आज तुम्ही करा."

तिनं प्रार्थना केली. मोठे शब्द तिच्या प्रार्थनेत कधीच नसत. उद्या घाटावर जाणाऱ्या बायकांना सांभाळ, म्हणाली. कामावर न घेतलेल्या घरांतल्या चुली पेटत्या ठेव. दौलतले अक्कल दे, पन त्याच्या हाताले काही होऊ देऊ नको, त्याची माय एकटी हाय अन् त्याच्याच कमाईवर हाय. मग ती थांबली, आणि तशाच आवाजात म्हणाली, माह्या पाळकाले खरं सांगाची ताकद दे. सोमवारी होती त्याच्यात, शनिवारी नव्हती. अन् या पोरीलेबी.

तिची प्रार्थना संपली. आमेन म्हणायला बाबांना वेळ लागला. आम्ही तिघीही थांबलो.